कॉरिंथचा रकाना

प्रश्न असा होता: युद्धात हरलेले अथेन्स जमीनदोस्त करा, असा आग्रह ज्या कॉरिंथने विजेत्या स्पार्टाकडे धरला, तेच कॉरिंथ दहा वर्षांच्या आत अथेन्सच्या बाजूने स्पार्टाविरुद्ध का लढले?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मी इतिहास शिकवते. आधी पुण्यात, आता शारजातल्या एका शाळेत. इतक्या वर्षांत माझा तक्ता एकच. डावीकडे अथेन्स आणि त्याचे मित्र, उजवीकडे स्पार्टा आणि त्याचे. कॉरिंथ उजवीकडे. मुलगी दहावीत गेली तेव्हा तिच्यासाठी तोच तक्ता नव्याने लिहून काढला आणि दुबईत, देऱ्यातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये लॅमिनेट करून घेतला. "मॅडम, अब पानी गिरे तो भी कुछ नहीं होगा," तिथला माणूस म्हणाला होता.

चाचणीत विचारले होते, अथेन्सच्या पराभवानंतर पेटलेल्या पुढच्या युद्धात कॉरिंथ कोणाकडून लढले? मुलीने तक्त्याप्रमाणे लिहिले: स्पार्टाकडून.

त्या दिवशी शारजाहून दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला घरी पोहोचायला मला दोन तास लागले. टेबलावर उत्तरपत्रिका होती, शेजारी अकरावीच्या विषयनिवडीचा फॉर्म. इतिहासापुढची पेन्सिलीची खूण तिने पुसून टाकली होती.

"एका चाचणीवरून विषय सोडायचा?"

"इट्स नॉट द टेस्ट, आई. मी चेकच केलं नाही, बिकॉज यू मेड इट." तिने तक्ता उचलून उलटसुलट पाहिला. "हू लॅमिनेट्स फॉरेन पॉलिसी?"

पाय दुखत होते. चहा टाकला, पुस्तके काढली आणि दोघी वाचत बसलो. स्पार्टाने विजयाचा वाटा मित्रांना दिला नाही, उलट त्यांच्यावरच हुकूम चालवला. तेव्हा कॉरिंथला दुबळ्या अथेन्सपेक्षा बलाढ्य स्पार्टाची धास्ती वाटू लागली. पुढे थीब्ज हे आणखी एक नगरराज्य प्रबळ झाले, तर अथेन्सने चक्क स्पार्टाशीच हातमिळवणी केली. माझ्या तक्त्यात धास्तीला रकानाच नव्हता.

गुरुवारी तिने फॉर्म दिला. इतिहास घेतला, पण "तू शिकवू नकोस, नुसती बस," या अटीवर. आता माझे प्रत्येक वाक्य ती पुस्तकात शोधते, आणि सापडेपर्यंत मी गप्प बसते.

वर लिहिलेलेही माझेच आहे. कृपया आपण स्वतः ताडून पाहावे.