चार क्यारेटचे शहाण्णव

“सर, एकमेकाचं पाहून टाकलं असतं, तं एखादा तरी शंभर टाकणाऱ्यापाशी बसला असता ना. एकोणीस लेकरं, आपापल्या घरी, एकच चूक करून राह्यले. हे चोरी नाई, हे कायतरी अलगच हाय.”

सरिता मॅडम केंद्रप्रमुख पुंडलिकराव उमाटेंना सांगत होत्या. ते मॅडमच्या फोनवरचा लेकरांच्या उत्तरांचा तक्ता बोटानं वर-खाली करत बसले होते. पाचवीचा गुणाकाराचा व्हिडिओ होता. त्यात टमाटरचा क्यारेट दिसायचा, मॅडम सांगायच्या की ह्यात पंचवीस किलो माल आहे, मग असेच चार क्यारेट यायचे आणि व्हिडिओ थांबायचा. एकूण किती किलो, ह्याचा बरोबर आकडा टाकल्याबिगर पुढं सरकायचा नाही. तेवीस लेकरांपैकी एकोणीस जणांनी शहाण्णव टाकले होते.

शेवटी पुंडलिकरावांनी फोन टेबलावर ठेवला. फळ्यावर पंचवीस चोक शंभर सगळा वर्ग ओरडतो आणि तुमच्या फोनवर त्याचे शहाण्णव होतात, असं ते शांतपणे म्हणाले. केंद्रातल्या अकरा शाळांत हे धडे लावायचे की नाही, ते त्यांना ठरवायचं होतं. त्यांनी पुढचा गुरुवार दिला. तोवर हे निस्तरलं नाही, तर अकरा शाळा राहिल्याच, इथलेही धडे बंद आणि मॅडमनी आपला खडू हाती घ्यावा.

हे सरिता साटोणेंच्या दोन वर्षांच्या खटपटीवर बोळा फिरणं होतं. शाळा सेलूच्या रस्त्यावरच्या एका भाजीपाल्याच्या गावात. तोडणीचा हंगाम आला की सकाळच्या दोन तासांत अर्धा वर्ग वांग्यात नाहीतर टमाटरात. आई-बापाले शिव्या देऊन लेकरं येत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वर्षी समजलं. मग त्यांनी धडाच लेकरांच्या घरी पाठवायचं ठरवलं, संध्याकाळी बापाच्या फोनवर पाहता येईल असा.

घर पिपरी मेघेत, सासऱ्यांचं किराणा दुकान. मागच्या गोदामात तांदळाच्या पोत्यांमध्ये उभं राहून त्या सकाळी सहाला व्हिडिओ काढत, कारण पोत्यांमुळं आवाज घुमत नसे. सासरे, भैय्याजी, दुकान उघडायच्या आधी दाराशी येऊन विचारत, “झाली का तुयी पिच्चर? मले साखर काढू दे.”

पहिले धडे फसले. मॅडम रेडिओवरच्या बाईसारख्या बोलत आणि लेकरं व्हिडिओ लावून खेळायला पळत. म्हणून त्यांनी मधी मधी थांबे टाकले, उत्तरासाठी तीन बटणं दिली. पोट्ट्यांनी तिन्ही बटणं पाळीपाळीनं दाबून वाट काढली. तेव्हा बटणं गेली आणि आकडा टाकायचा चौकोन आला. गोदाम सोडून त्या फोन घेऊन गावातल्याच वावरात गेल्या, खरे क्यारेट दाखवले. इतकं सगळं करून हाती आले शहाण्णव.

पुंडलिकराव गेल्यावर त्यांनी वर्गात विचारलं. एकोणीसही जणं खाली पाहत बसली. लेकरांना वाटलं, मार आहे.

त्याच संध्याकाळी मॅडमनी सवालातले आकडे बदलले. वीस किलोचा एक क्यारेट, असे सहा. सकाळी तक्ता पाहिला, तर एकशे वीस टाकणारे चारच, बाकी एकशे चौदा. आधी चार क्यारेटला चार कमी, आता सहाला सहा. म्हणजे पोरं बरोबर गुणत होती आणि मग नेमानं काहीतरी वजा करत होती. शंभर आणि एकशे वीसवाले चारही जण तेच. एक कोतवालाचा, एक अंगणवाडीवाल्या बाईची, दोघे सुताराच्या घरचे. चौघांच्याही घरी वावर नव्हतं.

मॅडमनी स्कूटी काढली आणि एकोणीसातल्याच एका आचलच्या आईच्या, सखूबाईच्या टमाटरात जाऊन उभ्या राहिल्या.

सखूबाई आधीच तापलेली होती. तुमच्या व्हिडिओनं माझी पोरगी अर्धा घंटा अडकून पडली, शेवटी तिनं फोन आपटला, असं तिनं तोडणी न थांबवता ऐकवलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग बांधावरच्या चार भरल्या क्यारेटांकडं बोट केलं.

“हे पंचवीस-पंचवीस किलोचे असतीन तं किती किलो झाले, सखूबाई?”

“शायन्नव.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? कडता कोन देईन, तुमी?”

ठोक बाजारात ओला माल घेताना दबलेलं, फुटलेलं, देठाचं म्हणून क्यारेटमागं एक किलो वजनातून कापतात. त्याला कडता म्हणतात. गावातल्या कुठल्याच घरात पंचवीस किलोचा क्यारेट पंचवीसचा धरत नाहीत. चार वर्षांचं लेकरू बापाच्या गाडीवर बसून हे ऐकत आलेलं असतं. फळ्यावर नुसता पाढा असतो, म्हणून तिथं शंभर. मॅडमनी खरा क्यारेट दाखवला आणि लेकरांनी खरं उत्तर दिलं.

सरिता मॅडम बांधावर बसून हसल्या. सोळा वर्षं ह्या गावात नोकरी केली, घरात रोज हेच टमाटर खाल्ले, आणि एकोणीस हुशार लेकरांना चूक ठरवून बसल्या होत्या.

सोपा रस्ता होता. टमाटरच्या जागी पेन्सिली दाखवायच्या, सगळे बरोबर निघाले असते. भैय्याजींनी तेच सुचवलं. मॅडम म्हणाल्या की पेन्सिली कोण विकते ह्या गावात, आणि शहाण्णव टाकणाऱ्या लेकराला काय सांगू, तुया बाप चुकला?

रविवारी त्यांनी सखूबाईलाच फोनसमोर उभं केलं. पहिल्या वेळी ती नाल्यापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखी ओरडली. दुसऱ्या वेळी पदर नीट करता करता काय बोलायचं तेच विसरली. तिसऱ्यांदा मॅडमनी सांगितलं की फोन पाहू नका, मले पाहून बोला. मग जमलं.

आता धड्यात दोन थांबे होते. पहिला वावरात, माल भरल्यावर. दुसरा बाजारात, कडता गेल्यावर. वावरातच कोणी शहाण्णव टाकले, तर चूक असं काही येत नव्हतं. सखूबाई यायची, कमरेवर हात ठेवून. “थो बाजारातला हिशेब झाला बाप्पा. आपन अजून वावरातच हावो. मोज परत.”

तिसरा थांबा मॅडमनी आपल्या मनानं घातला. वावरात भरलेलं आणि बाजारात धरलेलं, ह्यात फरक किती? आणि असे चाळीस क्यारेट गेले तर किती?

गुरुवारी पुंडलिकराव आले. त्यांनी तक्ता मागितला. मॅडम म्हणाल्या, आधी धडा करून पाहा. ते कानाला वायर लावून बसले, पण वायर फोनमध्ये नीट गेली नव्हती, त्यामुळं आवाज सगळ्या वर्गाला ऐकू येत होता. पुंडलिकरावांचं घरही बारा एकर भाजीपाल्यावर वाढलेलं. पहिल्या थांब्यावर त्यांनी जराही विचार न करता आकडा टाकला, आणि सखूबाईनं वर्गभर ऐकू जाईल असं त्यांना सुनावलं. मोज परत.

तेवीस लेकरं बाकांवर लोळली. पुंडलिकरावांनी कानातली वायर काढली, लेकरांकडं पाहिलं आणि तेही हसले. तेवढं हसू त्यांच्या तोंडावर केंद्रात आजवर कोणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी शंभर टाकले, शहाण्णव टाकले आणि तिसऱ्या थांब्यावर चार, मग चाळीस टाकले.

“चाळीस किलो फुकट,” ते म्हणाले. “आमच्या बुढ्यानं हे कधी जोडूनच पाह्यलं नाई.”

तक्त्यात तेवीसपैकी तेवीस बरोबर होते. आचल आणि आणखी सात जणांनी दुसऱ्यांदा धडा स्वतःहून केला होता, चाळीस क्यारेटच्या जागी आपल्या घरचे क्यारेट धरून. पुंडलिकरावांनी तिथंच डायरीत लिहून घेतलं, अकराही शाळांत सोमवारपासून. जाताजाता म्हणाले, पुढचे सगळे धडे तुम्हीच करायचे.

“करतो ना, सर. पन आधी त्या अकरा गावाईत फिरू द्या. कुठं कापूस हाय, कुठं संत्रा. कोनाचं काय कापते, ते मले पाह्यलं पाह्यजे.”

त्यांनी मान हलवली आणि गाडी काढली.

खिचडी झाली होती. स्वयंपाकवाल्या बाईनं वाटी पुढं केली, कारण लेकरांच्या आधी मास्तरणीनं चाखायची असा नियम आहे. सरिता मॅडमनी दोन घास खाल्ले, मीठ कमी आहे म्हणाल्या, वहीत सही केली आणि तेवीस ताटं ओळीनं लावायला घेतली.