आमच्याच कंपनीतली चकती

वॉशिंग मशीनच्या तळातली कपडे फिरवणारी चकती तुटली, तीही वॉरंटी संपल्यावर. थेरगावच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस म्हणाला, "हा पार्ट आता येत नाही राव, नवीन मशीनच घ्या."

माझं डोकंच फिरलं. येत नाही? अरे, आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत नव्या मशीनसाठी हीच चकती रोज मी साच्यातून काढतो! सुपरवायझरकडे एक विकत मागितली, तर म्हणे परवानगी नाही. जराशा ओरखड्यासाठी बाद झालेल्या चकत्याही आम्हीच ग्राइंडरमध्ये टाकून त्यांचा चुरा करायचा. वर शिफ्ट सुटली की गेटवर बॅग उघडून दाखवायची, म्हणजे आम्हीच चोर!

घरी आलो, तर बायको चादर हाताने पिळत होती. दिवसभर चकत्या काढलेल्या हातांनी मी दुसरं टोक धरलं.