दारावरचं नाव

माझा नवरा पद्मनाभ सिंगापुरात बसून अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांना शहाणं करतो. स्वतः कधी ट्रक चालवलेला नाही. सुपरमार्केटमधली ट्रॉलीसुद्धा कुणाच्या तरी पायावर घालतो. पण त्याच्या ऑफिसकडे एका अमेरिकन वेबसाइटचं काम आलं आणि एकेक ट्रक बाळगणाऱ्या मालकांना परवाना समजावून सांगणारी पानं याच्या वाट्याला आली. ट्रक स्वतःचा असून भागत नाही. दुसऱ्याचा माल भाड्याने परराज्यात न्यायचा तर विमा दाखवून, हरकतींची मुदत संपेपर्यंत थांबून स्वतःच्या नावावर परवाना काढायचा. नाहीतर एखाद्या कंपनीशी करार करून तिच्या परवान्यावर चालायचं. मग दारावर नाव कंपनीचं.

"म्हणजे अटॅच गाडी," पद्मनाभ म्हणाला.

त्याच्या वडिलांची, अण्णांची, कराडला एकच गाडी होती. सव्वीस वर्षं एका ट्रान्सपोर्ट कंपनीला अटॅच. टायर अण्णांचे, घाम अण्णांचा, दारावर नाव शेटजींचं. स्वतःचं नाव रंगवून घ्यायचं राहिलं, आणि शेवटी गाडीही विकली. ते पद्मनाभला अजून खुपतं. बेडोकच्या बाजारात मासे आणायला गेलो की हा पार्किंगमधल्या लॉऱ्यांची दारं वाचत उभा. आमची कस्तुरी वैतागते, "बाबा, इट्स जस्ट अ लॉरी, लाह!"

गेल्या महिन्यात वेबसाइटची चाचणी होती. कुठलंही खोटं नाव टाकून अर्ज भरायचा. या गृहस्थाने टाकलं 'ज्ञानदेव थोरात, एक ट्रक'. स्क्रीनवर अण्णांच्या नावाचा परवाना आला, त्यावर आडवं 'नमुना' लिहिलेलं. त्याने फोटो काढून कराडला पाठवला.

रविवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला.

"झकास आहे. आता गाडी तेवढी पायजे," ते हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "पदू, तू कुणाच्या नावावर चालतोस रे?"

टेबलावर एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचे कागद पडले होते. स्वतःची छोटी कंपनी काढायची, हे पद्मनाभ दहा वर्षं बोलतोय. पण पास ऑफिसमुळे. नोकरी सोडली की पास गेला. आधी कस्तुरीची सहावीची पीएसएलई परीक्षा आडवी आली, आता दहावीची ओ लेव्हल.

"ऑफिसच्या, अण्णा," तो म्हणाला.

"बरं, जेवलास का?" अण्णांनी विचारलं.

फोन ठेवल्यावर त्याने कागद पुढे ओढले. माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातातून पेन काढून घ्यावं, 'जा, काढ तुझी कंपनी' म्हणावं, असं मला फार फार वाटलं. त्याने सही केली. मग खालचे दोन कागद काढले, माझा आणि कस्तुरीचा. आमचे पास त्याच्या पासला अटॅच आहेत.