जेवलीस काय, एवढंच विचारलं

मंडळी, आज दुपारी मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत मुलांचं मन ओळखण्याबद्दल आयांचं सत्र घेतलं. "काल घरी आल्यावर मुलांना काय विचारलंत?" म्हटल्यावर सगळ्या हसल्या. "जेवलास काय, दुसरं काय विचारणार?" मीही हसले. आपल्याकडं माया अशीच दाखवतात.

मागच्या बाकावरच्या मावशी हसल्या नाहीत. नातीच्या आईच्या जागी त्याच आल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या लेकीनं जीव दिला, त्या दिवशीबी मी एवढंच विचारलंतं. व्हय म्हणाली. खरंच जेवली हुती की."

सत्र मी तिथंच थांबवलं.

मघाशी घरी आल्यावर माझ्या लेकीला विचारलं, "कशी आहेस गं?" मोबाईलमधून मान वर न करता ती म्हणाली, "जेवलेय मी."