मापाची बॉडी

धाकट्या लेकीनं परदेशातून पत्रात लिहिलं आहे, की तिकडच्या दुकानात आतले कपडे घालून बघायला आरशाची खोली असते, तरी तिनं घेतलेल्यांतले निम्मे परत करावे लागले. वाचून मला आधी हसू आलं. मग, इतकी वर्षं झाली तरी, हात कंबरेशी जाऊन आला. या विषयावर आमच्या पिढीतलं कुणी तुम्हाला काही सांगणार नाही. मला सगळं क्रमानं सांगायची सवय आहे, तेव्हा सांगते.

मी एकवीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन, ट्रेनिंग पुरं करून बेळगावातल्या एका मुलींच्या शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून लागले होते आणि आत्याकडे राहत होते. निपाणीला आमची तंबाखूची वखार. आमच्या घरात शाळेत शिकवणारी मी पहिलीच. आप्पांनी नाही म्हटलं नाही, पण हो म्हणतानाही अट घातली. त्यांचं कार्ड आलं: "कायम झालीस तर राहा. न झाल्यास दिवाळीला येशील ती परत जाऊ नको. सांगलीकडचं स्थळ थांबवून ठेवलं आहे." खाली सही, आणि आशीर्वाद.

कायम होणं एका धड्यावर होतं. पंधरा दिवसांनी तपासणीस बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर इंग्रजी चौथीला, म्हणजे आताच्या आठवीला, भूगोलाचा धडा द्यायचा. धड्याची मला काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

शाळेचा नियम असा, की शिक्षिकांनी पाचवारी पातळ नेसायचं आणि झंपर, म्हणजे ब्लाउज, घालायचा. मी जन्मभर पाहिलं ते नऊवारी लुगडं आणि खणाची चोळी. लुगडं स्वतःच्याच गाठीवर उभं राहतं. एकदा नीट नेसलं की धुणं धुवा, पाणी ओढा, ते हलत नाही. चोळीच्या आत काही घालायचं असतं हे आईला माहीत नव्हतं, आजीला तर नव्हतंच. पाचवारीला मात्र खाली परकर हवा, आणि सगळं पातळ त्या परकराच्या नाडीवर लोंबणार. तलम झंपराच्या आत बॉडी, म्हणजे अंगाबरोबर बसणारी आतली चोळी, हवी. शाळेतल्या सगळ्या बाया घालत. कोण, कुठून, कशा मापाची आणतात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "त्यात काय इचारायचं? शिंप्याला माप दिऊ. जुनी चोळी हाय न्हवं तुझी?"

आमच्याकडे शिंप्यानं बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धत नव्हती. चांगली बसलेली जुनी चोळी मापाला द्यायची. शिंपी म्हातारा, शेजारच्या गल्लीतला. तो ओसरीवर खाली मान घालून बसे. आपण चोळी त्याच्यासमोर ठेवायची, तो ती वितीनं मोजून पिशवीत टाके. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं आणि चोळ्या चांगल्या बसत होत्या.

आत्यानं माझी खणाची चोळी दिली. परकराला माप म्हणून मी तेराव्या वर्षी घालत असे तो परकर ट्रंकेतून काढून दिला. आणि सवयीनं म्हणाली, "वाढत्या अंगाचं शिव बरं का मामा."

मुलींचं सगळं वाढत्या अंगाचंच शिवत. दोन वर्षं तरी पुरावं म्हणून. मी एकवीस वर्षांची आहे, आता वाढायची नाही, हे आत्याच्या लक्षात आलं नाही, शिंप्याच्या आलं नाही आणि, खरं सांगते, माझ्याही आलं नाही.

चार दिवसांनी कपडे आले. परकर चांगला चार बोटं लांब. पातळाखालून त्याची किनार दिसू लागली. आत्या म्हणाली, "कापू नको. वर दुमडून घे, पुढं कामाला यील." मी कंबरेशी दुमडला. त्याचं जाड कडं झालं आणि नाडी त्या कड्यावर बसली, अंगावर बसेना. घट्ट बांधली तर वळ उठायचे, सैल केली तर कडं एकेक बोट खाली सरकायचं.

बॉडी उलटी, घट्ट. चोळीला पुढं गाठ असते. पोटभर जेवलं की गाठ जरा सैल मारतो, थंडीत जरा आवळतो, आपल्याला कळतही नाही. शिंप्यानं गाठीची टोकं सोडून शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजलं आणि पुढं पाच बटणं लावली. बटणांना जेवण समजत नाही आणि श्वासही. हात खांद्याच्या वर नेला की दोन नंबरचं बटण ताणलं जाई, आणि मी तसाच हात खाली आणत असे.

त्यानंतरचे आठ दिवस मी शाळेत कसे काढले ते मलाच ठाऊक. एक हात कायम कंबरेवर. चालताना पावलं लहान. पोरींच्या वह्या तपासायला वाकायचं टाळायचे, वही माझ्याकडे मागवायचे. फळ्यावर खालच्या निम्म्यातच लिहायचे. एक दिवस पहिल्या बाकावरची पोर म्हणाली, "बाई, वरचा फळा रिकामाच ऱ्हातोय की." वर्ग हसला. मी म्हटलं, "तुम्हाला नीट दिसावं म्हणून." आणि दुमडलेलं कडं खाली सरकल्याचा भास झाला. भासच होता, पण मी उरलेला तास टेबलाला टेकून उभी राहिले.

धड्यासाठी नकाशा टांगायचा होता, तो उंच खिळ्यावर. काठी धरून हिमालय दाखवायचा. हिमालय नकाशात कुठं असतो ते तुम्हाला माहीत आहे.

आमच्याबरोबर कॅम्पातल्या, लष्करी छावणीकडच्या, एक ख्रिस्ती बाई शिवण शिकवत. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, बोलायला फटकळ. मधल्या सुट्टीत त्यांनी मला शिवणाच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, तुमच्या कंबरेला काय झालंय? लचक भरलीय?"

"नाही."

"मग हात का सोडत नाही? मी आठ दिवस बघते आहे. वर हात करा बघू."

मी केला. अर्ध्यावर थांबला.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "कुणी शिवली?"

मी सांगितलं. मापाची चोळी, जुना परकर, वाढतं अंग, सगळं. मला रडू येईल असं वाटत होतं. त्या इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मग गळ्यातली टेप काढून झंपरावरूनच माझं माप घेतलं. एकदा श्वास सोडून, एकदा भरून. परकराचं माप उभ्यानं घेतलं आणि बसवूनही घेतलं. "उभ्यानं सगळ्यांनाच सगळं बसतं हो," म्हणाल्या. "तुम्ही दिवसभर पुतळ्यासारख्या उभ्या राहणार आहात का? वाकायचं, हात वर करायचा, मोठ्यानं बोलायचं. तेव्हा बोचलं नाही, सरकलं नाही, तर ते आपलं. आणि रेशमी लेस बघून भुलू नका, धुऊन आटेल. साधं सुती मांजरपाटच घ्या, पण आधी भिजवून." सगळे आकडे त्यांनी एका कागदावर लिहून दिले. तपासणीला चार दिवस राहिले होते.

मी तो कागद घरी नेला आणि आत्याला दाखवला. वाटलं होतं, सुटले.

आत्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला. तिला वाचता येत नव्हतं. "ह्ये काय?"

"माझं माप. शिंपीमामांना द्यायचं."

तिचा चेहराच पालटला. "अंगाचं माप कागदावर लिवून गड्याच्या हातात द्याचं? आनि त्यो कागद दुकानात ठिवनार. कोन बी येनार, कोन बी वाचनार. शिकलीस म्हून लाज सोडलीस काय गं?"

"आत्या, मग मी काय करू? धड्याला चार दिवस आहेत."

"काय बी कर. ह्यो कागद ह्या घरातनं भाईर जानार न्हाय."

तिनं तो चुलीत घातला. मी पडवीत जाऊन बसले. आकडे मला पाठ होते, ते काही जळले नव्हते, पण ते घेऊन जायचं कुठं? तिच्या मनाविरुद्ध शिंप्याकडे गेले तर तिच्या घरात राहायचं कसं? आणि या कपड्यांत धडा दिला तर निपाणी ठरलेलंच. मी दिवाळीला किती दिवस आहेत ते मोजलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवण झाल्यावर आत्यानं हाक मारली. तिनं स्वतःचं एक जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून समोर पसरलं होतं. तोंडात दोरा, हातात सुई.

"हुबी ऱ्हा. त्या बाईनं काय काय आकडं सांगितल्यात त्ये सांग. वितीत सांग, तुझ्या इंच्या मला कळत न्हाईत."

मी तिची वीत पट्टीवर मोजली आणि इंचांच्या विती करून दिल्या. कागद देणं तिला मान्य नव्हतं. मापाला कपडा देणं मात्र तिच्या आईपासून चालत आलं होतं. म्हणून ती मापाचा कपडाच नवा करत होती. माझ्या अंगावर कापड धरून तिनं कच्चे टाके घातले.

"हात वर कर. आनि वर. आता वाक. बस खाली. ऊठ. आता तुझं त्ये शाळंतलं म्हन."

"काय?"

"धडा गं! त्या तपासनीच्या बाईम्होरं म्हननार न्हाईस? मोठ्यानं म्हन. दम लागतोय का बघू दे मला."

मी भिंतीकडे तोंड करून गंगेचा उगम म्हणाले. ती मधेच थांबवायची, काखेतला टाका उसवायची, पुन्हा घालायची. तीन वेळा उसवलं. यमुना येऊन मिळाली तेव्हा कुठं म्हणाली, "हां. आता बसलं." परकरही तसाच, नाडीपाशी सपाट, घोट्याच्या वर दोन बोटं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होत. त्या दिवशी पानं घ्यायला पहिल्यांदा उशीर झाला आणि आम्ही दोघींनी घाईघाईनं दहीभात खाल्ला.

सोमवारी शिंपी आला. आत्यानं कच्च्या टाक्यांचा कपडा पुढं ठेवला. "ह्येच माप. ह्येच्या भाईर एक बोट जायाचं न्हाय. नवं मांजरपाट आधीच भिजवलंय."

त्यानं मान खाली घालूनच कपडा उलटून बघितला. "ब्येस हाय की माप. पयल्यांदाच का दिलं न्हाईसा?"

"आनि वाढत्या अंगाचं नगं," आत्या म्हणाली.

बुधवारी सकाळी नवे कपडे घातले. आरशात पाहिलं नाही. हात वर केला, वाकले, बसले, उठले. काही बोचलं नाही. तरी भीती गेली नाही. शाळेला जाताना रस्ताभर मी नाडीची गाठ मनात पुन्हा पुन्हा मारत होते. वर्गात तपासणीस बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. माझा डावा हात आपोआप कंबरेकडे गेला. तो मी काढला आणि त्यात पुस्तक धरलं.

तारीख मी फळ्याच्या अगदी वर लिहिली. पहिल्या बाकावरची पोर शेजारणीला कोपरानं ढोसत असलेली दिसली. मग काठी उचलून नकाशाच्या टोकापर्यंत नेली आणि तिथून दक्षिणेकडे येऊ लागले. कधीतरी, कुठल्याशा नदीपाशी, मी अंगातल्या कपड्यांना विसरले. पुन्हा आठवण झाली तेव्हा घंटा झाली होती.

तपासणीस बाईंनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत मला सांगितलं, की आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो आणि फळा पूर्ण वापरता, हे चांगलं आहे. कायम करण्याची शिफारस त्या करतील.

मी जवळजवळ धावत घरी आले. आत्या दाराची चौकट धरून उभी होती, सकाळपासून तिथंच असावी असं तिच्याकडे बघून वाटलं. धडा कसा झाला, बाई काय म्हणाल्या, यातलं तिनं काही विचारलं नाही. माझ्या कंबरेकडे बघत म्हणाली, "सुटलं काय गं कुठं?"

"नाही आत्या. काहीच सुटलं नाही."

तिनं दाराची चौकट सोडली. "मग बस, आनि आप्पाला कार्ड लिही."