एकनाथराव आणि विमानाचा दिवा

आमच्या उदगीरकडचे एकनाथराव बेगमपेठच्या सरकारी विमानशाळेत मदतनीस होते. औत सोडून हैदराबादेत आलेला हा माणूस आठ वर्षं दोन माणसांच्या एका लहान विमानाची देखभाल करत होता. पहाटे दव पुसताना ते त्याच्याशी बोलत. विमान ऐकत असे, असं ते आम्हाला छातीठोकपणे सांगत.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे पडायचे ठरले. मराठी मुलखात जन्मलेल्या नोकरांच्या याद्या झाल्या आणि एकनाथरावांच्या नावापुढे औरंगाबादच्या रस्तेबांधणीचं गोदाम लागलं. विमानाचं काम येतं असा दाखला मिळाला, तरच हैदराबादेत राहता येणार होतं.

"तिथं काय सांभाळायचं?" त्यांच्या पत्नी मालनबाईंनी विचारलं.

"डांबराची पिपं."

"मग बोला त्यांच्याशी. तीही ऐकतील."

एकनाथराव त्या दिवशी जेवले नाहीत.

दाखल्यासाठी परीक्षा घ्यायला वहीदुद्दीन साहेब आले. दिवस मावळत होता. दोघं विमानात शेजारी शेजारी बसले. साहेबांनी आपली नवी हॅट मधल्या जागेत ठेवली. तिथंच फ्लॅपचा दांडा होता. हा दांडा वर ओढला की पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली झुकतात आणि उतरताना विमानाचा वेग आवरतो. मात्र दांडा शेवटच्या खाचेत बसेपर्यंत सोडायचा नाही. सोडला तर स्प्रिंग त्याला खाली आदळते.

"फ्लॅप पूरे. और अंदर की बत्ती," साहेब म्हणाले.

एकनाथरावांनी उजव्या हातानं दांडा ओढला. शेवटची खाच बोटभर राहिली होती. तेवढ्यात डाव्या हातानं त्यांनी बटण दाबलं. डोक्यावरचा इवलासा दिवा लागला. बाहेर सांज, आत पिवळा उजेड. एकनाथरावांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले.

धाडकन दांडा खाली आला. हॅटची भाकरी झाली.

"अरे मियाँ! हात कायकू छोडे?"

"दिवा लागला ना साहेब."

"तो क्या?"

"तर हात जोडावे लागतात. आमच्यात तसंच आहे. रोज मी बत्ती दिवसा तपासतो, तेव्हा हा प्रश्न येत नाही."

साहेबांनी हॅट उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "औरंगाबाद में भी बत्तियाँ हैं, एकनाथराव. वहाँ आराम से जोडो."

एकनाथरावांनी विमानाच्या दारावरून एकदा हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "साहेब, आधी फ्लॅप आणि मग बत्ती, असं परीक्षेच्या कागदावर लिहिलंय का?"

साहेबांनी कागद दिव्याजवळ धरला. दोन कामं होती, क्रम नव्हता.

"नहीं लिखा."

"मग एकदा माझ्या पद्धतीनं करू द्या."

त्यांनी दिवा विझवला आणि पुन्हा लावला. हात जोडले. घाई केली नाही. देवाशी त्यांचं त्या दिवशी जरा जास्तच बोलणं होतं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"हुआ?"

"झालं."

मग दोन्ही हातांनी त्यांनी दांडा ओढला. खट्, खट्, खट्. तिसऱ्या खाचेत तो असा बसला, की साहेबांनी स्वतः हलवून पाहिला तरी हलेना. पंखांच्या पट्ट्या दोन्हीकडे सारख्या झुकल्या होत्या.

साहेब खाली उतरून चालू लागले. एकनाथराव मात्र आतच.

"अब क्या?"

"फ्लॅप वर घेतो, बत्ती बंद करतो. राहिली तर सकाळी बॅटरी उतरलेली असेल. तुम्ही दोन्ही विसरलात."

साहेब थांबले. चेपलेली हॅट डोक्यावर ठेवून त्यांनी तिथंच, पंखावर कागद टेकवून, उर्दूत शेरा लिहिला आणि कागद एकनाथरावांच्या हाती दिला. एकनाथरावांची शाळा निजामाच्या काळातली, त्यांना उर्दू वाचता येत होतं. जामबागच्या खोलीवर पोहोचेपर्यंत त्यांनी तो तीनदा वाचला आणि दारातच मालनबाईंना मराठीत सांगितला:

"ज्या खात्यात विमान नाही, तिथे हा माणूस वाया जाईल. इथेच ठेवावा. मात्र काम दिवसा द्यावं."