फोटो पेपर खिशात घालून बघणारे पारसभाऊ

घरी प्रिंटर आणला की शाई संपते, कागद संपतो, माणसाचा धीरही संपतो. वाढत जातात ते फक्त किस्से. माझ्याकडे आता इतके साठलेत की कुणी चहाला आलं की मी सुरूच होतो, आणि बायको कप घेऊन आत निघून जाते.

यातले बहुतेक पारसभाऊंचे. नंदुरबारला त्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आलेले, पण नातू माझ्यापेक्षा झकास अहिराणी बोलतो. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि चिक्कू आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दहा रुपयांच्या पेनासाठी पाच दुकानं हिंडणारा माणूस मी. असा माणूस स्वस्त फोटो पेपर शोधायला निघाला की काय होतं, ते ऐका.

* * *

पहिला फोटो छापला तो सासू-सासऱ्यांचा. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला द्यायचा होता. बाजारातला सगळ्यात स्वस्त कागद आणला, फोटो छापला, तासभर पंख्याखाली वाळवला आणि कौतुकाने उचलला. सासऱ्यांच्या मिशा माझ्या अंगठ्यावर आल्या!

तणतणत दुकान गाठलं. "हा कसला कागद विकता हो?"

पारसभाऊंनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. जिभेने बोट ओलं केलं आणि दोन्ही बाजूंना कोपऱ्यावर टेकवलं. एका बाजूला बोट किंचित चिकटलं. शाई धरून ठेवणारा लेप त्या बाजूला असतो. आणि त्याच बाजूवर शाईचा एकही ठिपका नव्हता.

"कागदले बी तोंड ऱ्हास, सर. तुम्ही त्याना पाठवर शाई टाकी दिन्ही."

सासऱ्यांना दुसरा फोटो दिला. बायकोने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी पाकीट उघडून पहिल्यांदा मिशाच तपासल्या.

* * *

फोटो पेपरची जाडी पाकिटावर ग्रॅममध्ये लिहिलेली असते. खापर गावचे एक काका दुकानात आले. घरच्या लग्नाचे फोटो त्यांचा पुतण्या घरीच छापणार होता. पारसभाऊंनी सांगितलं, "एकशे ऐंशी ग्रॅमचा घ्या."

काकांनी ढीगभर पाहुण्यांचा मनात हिशोब केला. "एकशे ऐंशी ग्रॅममा काय व्हई, भाऊ? पाहुणा गंज शेतस. पाव किलोच दी द्या."

मला हसू फुटलं. पारसभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं. मग त्यांनी काकांना शांतपणे विचारलं, फोटो किती, केवढे, आणि मोजून कागद बांधून दिला. काका गेल्यावर मला म्हणाले, "ग्रॅम म्हणजे वजन, हाई त्यासनं बरोबरच शे. चुकनं ते पाकिटवर लिखणारानं."

त्या दिवसापासून मी या माणसाला मानतो.

* * *

दुकानदार महाग माल खपवतो, असा आपला अनुभव. पारसभाऊंचं उलटंच. शाळेच्या तक्त्यासाठी मी चकचकीत कागद मागितला, तर त्यांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि साधा, न चमकणारा मॅट दिला. वर्गात खिडकीचा उजेड पडला की चकचकीत तक्त्यावर पोरांना नुसती खिडकी दिसेल, म्हणाले.

नवापूरचे एक पोल्ट्रीवाले आले. आपल्या कोंबड्यांचे फोटो छापून ऑफिसात लावायची त्यांना हौस. त्यांना सगळ्यात चमकदार, सगळ्यात महाग कागद हवा होता. पारसभाऊ जैन. अंड्याचं नाव निघालं तरी दुसरीकडे बघणारे. पण फोनमधल्या कोंबड्यांचे फोटो त्यांनी एकेक करून नीट पाहिले, आणि मॅटचं पाकीट पुढे सरकवलं.

"कोंबडी जित्ती दिसाले जोयजे, शेठ. तळेल नही."

* * *

आता जयसिंग सरांचं सांगतो. ते स्वतः पावरा आदिवासी, तोरणमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर शिक्षक. दिवाळी झाली की तिथली बरीच घरं गुजरातेत कामाला जातात आणि होळीला परततात. पोरं मागे वसतिगृहात. निघायच्या काही आठवडे आधी एका आईने सरांकडे पोरीचा फोटो मागितला. मग सगळ्यांनाच हवा झाला. बत्तीस पोरं, बत्तीस फोटो, खर्च सरांच्या खिशातून, छपाई माझ्या घरी.

मी लगेच स्वस्त पाकिटांची यादी काढली. पारसभाऊंनी यादी बाजूला ठेवली आणि सरांना एकच विचारलं, "फोटो ठेवतीन कोठे?"

"शर्टाच्या खिशात. बाया पदराच्या गाठीत."

म्हणजे घाम. सर म्हणाले, "शाई पसरली, तर पाच महिने त्यांच्याकडे नुसता डाग राहील. आणि ही माणसं तक्रार करायला येत नाहीत."

पारसभाऊंनी चार वेगवेगळ्या किमतींचे चार कागद काढले. चारहीवर माझाच फोटो छापायला लावला आणि ते चारही फोटो स्वतःच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात घातले. दिवसभर पंखा बंद. आठवडाभर रोज ताजा शर्ट, पण फोटो तेच. ऑक्टोबरचं ऊन नंदुरबारचं! गिऱ्हाइकं वारा घालत उभी राहायची आणि हे घाम पुशीत मोजमाप करायचे.

आठवड्याने मला बोलावलं. तीन कागदांवरचा मी वाहून गेलो होतो. चौथ्यावरचा शाबूत. तो सगळ्यात महाग नव्हता, खालून दुसरा होता. मी खूश! मग त्यांनी पहिल्या दिवसाचा शर्ट दाखवला. खिशावर निळसर-तांबूस, पण ओळखू येईल असा माझा चेहरा.

"सर, तुम्हना फोटो कागदपेक्षा शर्टवर बेस उना."

शर्ट गेला तो गेलाच. पण बत्तीस फोटो त्याच चौथ्या कागदावर छापले, आणि दिवाळीनंतर ते माणसांबरोबर घाट उतरून गेले. खरं सांगतो, त्या पाच महिन्यांत मी बोर्डाच्या निकालाचीसुद्धा इतकी काळजी केली नसेल.

* * *

होळीला माणसं परतली. सर घरोघर फोटो बघत फिरले. सगळे ठीक होते. कोपरे दुमडलेले, एकावर चुन्याचे डाग, पण चेहरे जसेच्या तसे.

दिलवर नावाच्या एका बापाच्या घरी मात्र सर थबकले. त्याने खिशातून काढला तो अर्धाच फोटो. त्याच्या पोरीचा एक डोळा, एक कान, एक वेणी.

"फाटला?"

दिलवरने नकारार्थी मान हलवली आणि बायकोकडे पाहिलं. तिने पदराची गाठ सोडून दुसरा अर्धा काढला. मधोमध ब्लेडने सरळ कापलेला, कडेची शाई जराही न पसरलेली. या वेळी दिलवर सुरतेकडे बांधकामावर गेला होता, आणि ती आपल्या भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला.

सर कळवळून म्हणाले, "अरे, मला सांगायचं होतं. दोन काढून दिले असते."

दिलवर पावरीत जे बोलला, ते सरांनी आम्हाला दुकानात मराठीत सांगितलं.

"दोन कशाला, गुरुजी? पोरगी एकच आहे."